सिएरा : पुण्याच्या एका महागड्या गाडीची हकीकत

१९९१ साली टाटांच्या टेल्को या कंपनीच्या पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यातून ‘सिएरा’ नावाची तीन दारांची मोटारगाडी बाहेर पडली, तेव्हा तिच्याविषयी महाराष्ट्रात दोन मते फार त्वरेने रूढ झाली. तिचे रूप विलक्षण आहे हे पहिले मत, आणि तिची किंमत तिच्या उपयोगाच्या मानाने भलतीच चढी आहे हे दुसरे. शोरूमच्या काचेशी उभा राहून तिच्याकडे टक लावून पाहणारा महाविद्यालयीन तरुण, कामानिमित्त पुण्यास आलेला सधन बागाइतदार आणि गॅरेजात गाडीखाली आडवा होऊन चासी न्याहाळणारा मेस्त्री यांची मते अन्य बाबतींत कितीही भिन्न असोत, या दोन बाबतींत त्यांचे बहुधा एकमत होई. आणि पुढे दहा-बारा वर्षांनी तिचे उत्पादन थांबले तेव्हा या लोकमतावर काळानेच शिक्कामोर्तब केले असे मानून तिची नोंद फसलेल्या वाहनांच्या यादीत करण्यात आली. ती नोंद अपुरी आहे, असे मला वाटते. लोकांनी सिएराला जे माप लावले ते कोठून आले, तिची किंमत कोणकोणत्या दप्तरांतून फिरत फिरत वाढली, आणि ज्या कारखान्याने ती घडविली त्याच्या पदरात तिच्यापासून काय पडले, या गोष्टींची रुजवात घातल्यावाचून या गाडीविषयी न्याय्य निवाडा देता येणार नाही.

प्रथम तिचे रूप पाहू. उंच चाकांवर उभे असलेले रुंद अंग, दोन्ही बाजूंना एकेकच, पण ऐसपैस लांबीचे दार, मागच्या दाराच्या पाठीवर टांगलेली स्टेपनी, आणि पुढच्या दाराच्या मागून थेट शेपटापर्यंत गेलेली, वरच्या कडेला वळून छपरात शिरणारी विस्तीर्ण काच. या काचेतच सिएराचे सारे व्यक्तित्व साठविलेले होते. मागच्या आसनावर बसलेल्या उतारूला घाटातून जाताना रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यांबरोबर डोंगराचा माथा आणि त्यावरचे आकाशही दिसावे, अशी ती योजना होती. आणि भारतात बनलेल्या एकाही गाडीत तोवर उतारूच्या नेत्रसुखाचा इतका विचार कोणी केलेला नव्हता, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावयास हरकत नाही. आत वातानुकूलन होते, दारांच्या काचा विजेवर खाली-वर होत, आणि ज्यास हवे त्यास चारही चाकांना शक्ती पुरविणारी आवृत्तीही मिळे. या सर्व सुखसोयी एका डिझेल इंजिनाच्या, मालवाहू पिकअपशी सख्खे नाते सांगणाऱ्या चासीवर मांडलेल्या होत्या. हा संयोग अपूर्व होता, आणि तिच्या गुणांचे व दोषांचेही मूळ त्यातच आहे.

असले रूप महाराष्ट्रीय डोळ्यांना विचित्र का वाटले, हे समजण्यासाठी त्या डोळ्यांना त्यापूर्वी काय काय पाहावयास मिळाले होते, याची आठवण केली पाहिजे. उंच चाकांची, खडकाळ वाटेवर चालणारी गाडी म्हणजे जीप, हे समीकरण स्वातंत्र्याबरोबरच आपल्याकडे आले. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र यांच्या कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढील दोन-तीन दशकांत मामलेदार, प्रांत, गटविकास अधिकारी, पाटबंधारे खात्याचा इंजिनिअर, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर त्यांचे पदाधिकारी, हे सारे जीपमधूनच गावोगाव फिरू लागले. धुळीचा लोट उडवीत जीप आली म्हणजे सरकार आले, एवढी त्या वाहनाची आणि अंमलाची सांगड लोकांच्या मनात बसली होती. ती जीप कापडी हुडाची, कठीण बाकांची, पावसात भिजविणारी आणि उन्हात भाजणारी होती. पण कष्ट सोसणे हाच तिचा धर्म असल्याने तिच्यापासून सुखाची अपेक्षा कोणी केली नाही.

दुसऱ्या बाजूस शहरातील खाजगी मोटार. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाटची जी आकृती निघू लागली, तीच नावे बदलीत ‘पद्मिनी’ म्हणून शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली, अँबॅसडरचेही तेच. गाडीची नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, ती आली की दहा-पंधरा वर्षे जिवापाड सांभाळावयाची, आणि तिच्यात पाचांच्या जागी आठ माणसे बसवून जेजुरीला किंवा कोल्हापूरला देवदर्शनास जावयाचे, ही मध्यमवर्गाची वहिवाट होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिने प्रतीक्षेचा काळ कमी केला आणि गाडी हलकी, चपळ व विश्वासू असू शकते हे शिकविले. पण माणशी किती रुपये पडले, या हिशेबाने गाडीची योग्यता ठरविण्याची रीत तिनेही बदलली नाही. टंचाईच्या काळात वाढलेल्या समाजाला हे माप लावण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. सिएरा मात्र या मापाने मोजली जावी म्हणून घडलेलीच नव्हती.

ती ज्या कारखान्यात घडली त्याचा इतिहास महाराष्ट्रातील उद्योगाच्या कोणाही अभ्यासकाने आदराने वाचावा असा आहे. टाटांची टेल्को १९४५ साली जमशेदपूरला आगगाडीची इंजिने करण्यासाठी जन्मली, १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून मालमोटारी बनवू लागली, आणि १९६९ साली तो करार संपला तेव्हा स्वतःच्या पायांवर उभी राहिली. १९६० च्या दशकात पुण्याजवळ दुसरा कारखाना काढण्याचे ठरले, तेव्हा टेल्कोचे सूत्रधार सुमंत मुळगावकर यांनी आरंभ कसा केला, तर तेथे एकही मालमोटार बनण्यापूर्वी साचे, डाय, यंत्रे आणि ती चालविणारी माणसे तयार करण्यापासून. पिंपरीच्या उजाड माळावर त्यांनी झाडे लावली, तळे केले, उमेदवार कारागिरांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. आणि या कारखान्यातून पहिले वाहन निघावयास १९७७ साल उजाडले. दहा-अकरा वर्षे केवळ पायाभरणीत खर्च करण्याचे हे धैर्य भांडवलदारांच्या जमाखर्चात सहसा बसत नाही. पत्र्याच्या सपाट तक्त्याला मोटारीच्या अंगाचे वळण देणारा डाय ज्याला स्वतः करता येतो तोच खरा मोटार-कारखानदार, बाकीचे केवळ जुळणी करणारे, ही मुळगावकरांची निष्ठा होती असे त्यांच्या या कृतीवरून म्हणता येते. आणि सिएराच्या त्या वळणदार अंगाचा उगम मी या निष्ठेपाशी शोधतो.

१९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी कंपन्यांच्या साहाय्याने टोयोटा, माझ्दा, निस्सान व मित्सुबिशी यांच्या नावाच्या हलक्या मालमोटारी भारतात उतरल्या, तेव्हा टेल्कोने परकीय भागीदाराशिवाय १९८६ साली ४०७ ही गाडी पुण्यातून काढली आणि त्या स्पर्धेत तीच सरस ठरली. आजही भाजीबाजारापासून वीटभट्टीपर्यंत ती आपले काम निमूटपणे करीत आहे. या यशाने कारखान्याला जो आत्मविश्वास आला त्यातून १९८८ ची ‘टाटामोबाइल २०६’ ही पिकअप जन्मली, आणि त्याच पिकअपच्या चासीवर उतारूंची गाडी बसविण्याचा विचार पुढे आला. १९८५ पासून सरकारने एका परवान्याखाली संलग्न प्रकारची वाहने बनविण्याची मुभा दिली होती, म्हणून हा मार्ग कायद्याने मोकळा होता. संपूर्ण नवी मोटार मुळापासून काढावयाची तर तिच्यासाठी निराळा परवाना आणि निराळे भांडवल लागले असते. सिएराच्या उंचीचे, तिच्या जडपणाचे आणि तिच्या डिझेल इंजिनाच्या गुरगुरण्याचे स्पष्टीकरण अशा रीतीने दिल्लीच्या दप्तरांतही सापडते.

तो काळ कारखान्याच्या अंतर्गत जीवनातही शांततेचा नव्हता. १९८८ च्या अखेरीस रतन टाटांकडे टेल्कोची सूत्रे आली, आणि पुढच्याच वर्षी कामगार संघटनेशी झालेला संघर्ष इतका विकोपास गेला की, सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणास बसले आणि अखेर पोलिसांनी रातोरात त्यांना तेथून हलविले. त्या दिवसांत घराघरांत दोन पक्ष पडले होते. त्या कडवटपणानंतर सुमारे दोन वर्षांत त्याच कारखान्याने, त्याच कारागिरांच्या हातून, देशात कोणी न केलेल्या आकृतीची गाडी रंग देऊन, काचा बसवून, गाद्या मढवून बाजारात उभी केली, ही घटना मला त्या गाडीच्या विक्रीच्या आकड्यांपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

आता किमतीकडे वळू. ‘एवढ्या पैशांत मारुत्या किती येतील’ असा प्रश्न त्या वेळी सिएरासमोर उभे राहून विचारला जाई, आणि त्याचे उत्तर तिला लाजविणारेच होते, कारण तिची किंमत मारुतीच्या कितीतरी पट होती. पण या किमतीतील कारखान्याचा वाटा किती आणि सरकारी तिजोरीचा किती, हे विचारणारे थोडे. १९९३ च्या अर्थसंकल्पात मोटारींवरील अबकारी ५५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणली गेली आणि त्याबद्दल अर्थमंत्र्यांचे आभार मानले गेले, एवढ्यावरून त्यापूर्वीची स्थिती ध्यानात यावी : कारखान्याच्या दारातून गाडी निघतानाच तिच्या मोलाच्या निम्म्याहून अधिक रक्कम सरकार मागून घेई. त्यावर विक्रीकर, त्यावर पासिंगच्या वेळचा मोटार-कर, आणि नगराच्या हद्दीत शिरताना नाक्यावर जकात. खाजगी मोटार ही चैन आहे आणि चैनीवर जबर कर बसविणे हे राज्याचे कर्तव्यच आहे, हा सिद्धांत चाळीस वर्षे शिरस्त्यासारखा पाळला गेला होता, आणि जी वस्तू कराने महाग केली तिलाच पुन्हा महाग म्हणून नावे ठेवण्याची सवय त्यातूनच जडली.

शिवाय तिचा जन्म झाला ते वर्ष कोणते? १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळले, तेलाचे भाव भडकले, देशाची परकीय गंगाजळी आटली, आणि १९९१ च्या जुलैत १ व ३ तारखेस दोन हप्त्यांत रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. व्याजाचे दर चढलेले, मोटारीसाठी सुलभ हप्त्यांनी कर्ज देणाऱ्या पेढ्या विरळा, आणि परदेशातून आणावा लागणारा प्रत्येक सुटा भाग रुपयात पूर्वीपेक्षा महाग. एखाद्या गाडीच्या अंगाचे डाय करण्यास जो प्रचंड खर्च येतो तो लाखो गाड्यांवर वाटला गेला तर दर गाडीमागे किरकोळ होतो, थोड्याच गाड्यांवर वाटावयाचा झाला तर तो ग्राहकाच्या डोक्यावर पर्वताएवढा बसतो. आणि गिऱ्हाईक थोडे म्हणून किंमत जास्त, किंमत जास्त म्हणून गिऱ्हाईक थोडे, या फेऱ्यात सिएरा जन्मतःच सापडली. डिझेल स्वस्त होते हे खरे, कारण शेतकरी आणि मालवाहतूकदार यांच्यासाठी सरकार त्याचा भाव मुद्दाम खाली ठेवीत असे. परंतु डिझेल आणि पेट्रोल यांच्या भावातील फरकातून गाडीची जादा किंमत वसूल व्हावयाची तर ती रोज लांबवर पळाली पाहिजे. डेक्कनवरून कँपात आणि कँपातून घरी एवढाच ज्याचा प्रवास, त्याला तो लाभ गाडी जुनी होईपर्यंत मिळाला नसता.

येथवर मी सिएराची बाजू मांडली. तिचे दोष झाकण्याची मात्र माझी इच्छा नाही. तिचा सर्वांत मोठा दोष तिच्या दारांचा होता, आणि तिच्या विचित्र रूपावर जी टीका झाली तिचा रोख काचेऐवजी दारांवर असता तर ती अधिक मार्मिक ठरली असती. आमच्याकडे गाडी कुटुंबाची असते, आणि कुटुंबात आजी असते. पुढचे आसन वाकवून, उंच तळावर पाय टेकून, त्या अरुंद फटीतून नऊवारी सावरीत मागे शिरणे हा वृद्ध स्त्रीला शिक्षेसारखा प्रकार होता. आणि एकदा आत बसल्यावर पुढचा माणूस उतरल्याशिवाय तिला बाहेर पडणे अशक्य. दुसरा दोष त्या काचेचाच, पण तो सौंदर्याचा नव्हे, हवामानाचा होता. मागची ती भव्य काच उघडत नसे. यंत्र थंड हवा देत असेतो ठीक. ते बिघडले किंवा इंधन वाचविण्यासाठी बंद केले की सोलापूर-जळगावकडच्या वैशाखात मागच्या आसनावर बसणे दुःसह होई. इंजिन सुमारे दोन लिटरचे, आणि त्याची शक्ती साठ-पासष्ट अश्वांच्या घरात. एवढ्या बळावर तो देह, ते वातानुकूलन आणि चार-पाच माणसे घेऊन बोरघाट चढताना गाडीला धाप लागे. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता, खंडाळ्याच्या जुन्या वळणांवर मालमोटारींच्या रांगेमागून सरकावे लागे, आणि महागडी गाडी स्वस्त गाडीला ओलांडू शकत नाही हे मालकाला सर्वांसमक्ष अनुभवावे लागे. टर्बो इंजिन आले ते नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर मत बनून गेले होते.

या मताची खरी परीक्षा १९९४ साली झाली, आणि ती टेल्कोनेच घेतली. त्या वर्षी कारखान्याने टाटा सुमो काढली. तिची चासी त्याच घराण्यातली आणि इंजिनही मूळचे तेच; फक्त अंग निराळे. ठोकळ्यासारखे सरळ, दोन्ही बाजूंस दोन दोन दारे, आणि मागे समोरासमोर बाके टाकून दहा माणसांची सोय. सौंदर्याच्या दृष्टीने सिएराशी तिची तुलनाही होऊ नये. पण सुमो अशी खपली की, तीन-चार वर्षांत तिने लाखाचा टप्पा गाठला. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे वडाप, म्हणजे माणशी भाडे घेणारी खाजगी गाडी, म्हणून फाट्याफाट्यावर उभी राहणारी ती सुमो. लग्नाचे वऱ्हाड, निवडणुकीचा ताफा आणि अत्यवस्थ रोग्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेण्याची धावपळ यांसाठी बोलाविली जाणारीही तीच. दहांच्या जागी पंधरा बसले तरी तिने तक्रार केली नाही. त्याच हृदयाच्या दोन गाड्यांपैकी एकीला लोकांनी डोक्यावर घेतले आणि दुसरीला शोरूमच्या काचेआडून पाहून सोडून दिले, यावरून १९९० च्या दशकातील महाराष्ट्राला वाहनापासून काय हवे होते, हे एखाद्या खात्याच्या अहवालातूनही कळणार नाही इतके स्वच्छ कळते. एस. टी.ची फेरी चुकली की दुसरा आधार नसलेल्या मुलखाला आकाश दाखविणारी काच नको होती. त्याला बसावयास जागा हवी होती. हा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. पण जी गाडी एकट्या-दुकट्याच्या भटकंतीसाठी, प्रवासातल्या आनंदासाठी घडली, तिला वडापच्या तराजूत तोलून हलकी ठरविणे हेही न्यायाचे नाही.

आणि कारखान्याच्या पदरात काय पडले? मालमोटारीचा मालक इंजिन चालते की नाही एवढे पाहतो; पत्र्याच्या दोन तुकड्यांमधली फट नखभर जास्त आहे, दार लावताना पोकळ आवाज येतो, पावसात रबराच्या कडेतून पाणी झिरपते, असल्या तक्रारी तो घेऊन येत नाही. सिएराचा, आणि तिच्यामागून १९९२ साली निघालेल्या ‘एस्टेट’ या गाडीचा ग्राहक नेमक्या याच तक्रारी घेऊन येणारा होता. त्याने मोजलेल्या चढ्या किमतीत एका मालमोटार-कारखान्याच्या नव्या शिक्षणाचा खर्च अंतर्भूत होता, असे मी मानतो. मोठ्या वळणाचे पत्रे ठोकणारे डाय, त्यांवरची सफाई, रंगकाम, अंतर्भागाची जोडणी या साऱ्या विद्या पुण्याच्या टूलरूमने आणि संशोधन केंद्राने या काळात उतारूंच्या गाड्यांवर गिरविल्या. आणि पुढे ऑस्ट्रेलियातील निस्सानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजाने आणून पुण्यात पुन्हा उभारला गेला आणि १९९८ च्या डिसेंबरात इंडिका बाजारात आली, तेव्हा तिच्यासाठी पूर्ण पैसे भरून लाखाहून अधिक लोकांनी मागणी नोंदविली. इंडिकाचे कौतुक करणारे सिएराचे नाव क्वचितच घेतात. मला मात्र ती दोन्ही प्रकरणे एकाच वहीतली वाटतात.

नव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सिएरा बंद झाली आणि २००३ साली कंपनीचे नावही बदलून टाटा मोटर्स झाले. त्यानंतर लोकमत पालटले, आणि ते मोठ्या आश्चर्यकारक रीतीने. ज्या काचेची थट्टा झाली होती तिचीच आठवण काढून २०२० मध्ये कंपनीने विजेवर चालणाऱ्या सिएराचा नमुना प्रदर्शनात मांडला, आणि २०२५ च्या अखेरीस नवी सिएरा विक्रीस आली ती पाच दारांनिशी. दारांविषयीची जुनी तक्रार ग्राह्य धरली गेली आणि काचेची ती वळणदार रेषा सन्मानाने राखली गेली. हा निवाडा मला संतुलित वाटतो.

जुन्या सिएरा आता महाराष्ट्रात थोड्याच उरल्या आहेत. खाजगी वाहनाच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत त्या सर्वांनी केव्हाच ओलांडली आहे. दर पाच वर्षांनी नव्याने पासिंग करून, पर्यावरण-कर भरून काही हौशी मालक त्या अजून चालवीत आहेत. मागची काच फुटली तर तशी दुसरी मिळविणे ही आता मोठी शोधमोहीम असते, आणि भंगाराच्या गोदामांतून अशा काचा हुडकणाऱ्या मेस्त्र्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. पुण्याने पेशव्यांच्या दप्तरातील चिठ्ठ्या-चपाट्या जपल्या, राजा केळकरांच्या संग्रहालयात दिवे आणि अडकित्तेही जपले. त्याच शहराच्या वेशीवर गेल्या साठ वर्षांत जी विद्या निर्माण झाली तिची साक्ष म्हणून एक सुस्थितीतील सिएरा, तिच्या अंगाचा एखादा डाय आणि तो घासून-पुसून सिद्ध करणाऱ्या कारागिरांच्या आठवणी एकत्र ठेवल्या जाव्यात, आणि ते काम ती माणसे हयात आहेत तोवर व्हावे, अशी माझी पिंपरी-चिंचवडच्या कारभाऱ्यांना मनापासून विनंती आहे.